तयार चित्र आणि घडणारे चित्र

चित्रकाराने समाजमाध्यमावर रोज एक चित्र टाकले की पाहणारे आपोआप वाढतात, हे मत मला अर्धेच पटते. २०१० साली छायाचित्रांसाठी सुरू झालेल्या इन्स्टाग्रामवर २०२० मध्ये रील्स, म्हणजे छोट्या चित्रफिती, आल्यापासून, तयार चित्रापेक्षा ते घडताना पाहण्याची ओढ अधिक दिसते. पुण्यातल्या विश्रामबागवाड्याचा लाकडी सज्जा मी जलरंगात रंगवला, तेव्हा पूर्ण चित्राकडे फारसे कोणी फिरकले नाही. मात्र ओल्या कागदावर तपकिरी रंग पसरत जाऊन कोरीव खांबाची सावली होतानाची वीस सेकंदांची चित्रफीत (फोन चक्क पुस्तकांच्या थप्पीला टेकवून घेतलेली) बऱ्याच जणांनी जतन केली आणि दोघांनी कागद कोणता, असे विचारले. त्यांना सविस्तर उत्तर दिले; त्यांपैकी एक जण पुढे बालगंधर्व कलादालनातल्या आमच्या प्रदर्शनाला आले आणि तेच चित्र घेऊन गेले.