उत्तर: माकडाचं नाक नावालाच?
या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, माकड डोळ्यांवर जगतं, नाक नावालाच. जनुकांच्या हिशेबात पटतं: वास टिपणारी चालू जनुकं माकडाच्या नातलगात, म्हणजे माणसात, सुमारे ४००, उंदरात १०००च्या वर. पण चैतात आमच्या गडचिरोलीकडे मोह पडतो, तेव्हा वांदरं फूल हुंगताना मी पाहिली आहेत. (मोहाच्या वासानं माणूसही थांबतो म्हणा!)

आता माकडाच्या मेंदूत वासाचे भाग जागे होतात का, हे यंत्रानं बघायचं म्हटलं तर? एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते चित्रात उजळून दाखवणारं यंत्र, रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक टिपतं. मेंदूतले वासाचे काही भाग नेमके नाकाच्या पोकळीजवळ, तिथल्या हवेनं चित्र बिघडतं. शिवाय प्राणी हलू नये म्हणून बऱ्याचदा भूल देतात, मग तो स्वतःहून हुंगणार कसा? असल्या चित्रात भाग उजळला नाही, तर मी आधी यंत्राकडे संशयानं बघेन, माकडाकडे नंतर.