सुंजाताचे आख्यान विद्यार्थ्यांनी आधी वाचावे की आधी ऐकावे?

धागाकर्ती (भाषाशिक्षिका):
आफ्रिकेच्या मौखिक कथापरंपरेची ओळख विद्यार्थ्यांना पुस्तकातून करून देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता केइता याचे आख्यान पश्चिम आफ्रिकेतले जेली, म्हणजे पिढीजात आख्यानकार, 21 तारांच्या कोरा या वाद्यावर किंवा बालाफोन या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर सादर करतात, तेव्हा शेजारी बसलेला एक जण ओळीओळीला ‘नामू’ म्हणत हुंकार भरतो. चालता न येणारा लहानगा सुंजाता लोखंडी गजाचा आधार घेऊन उभा राहतो आणि त्याच्या भाराने तो गज धनुष्यासारखा वाकतो, हा प्रसंग पानावर दोन ओळींत संपतो. जेलीच्या तोंडी मात्र तो श्रोत्यांचा श्वास रोखून धरतो. वर्गात आधी ध्वनिमुद्रण ऐकवावे.

प्रतिसाद (इतिहासशिक्षक):
मला हे मान्य नाही. जेलींच्या मांडिंका भाषेचा एक शब्दही न कळणाऱ्या मुलांच्या लेखी ते केवळ श्रवणीय संगीत ठरेल. शिवाय आफ्रिकेत लेखन नव्हतेच, हा गैरसमज आपण नकळत पक्का करू. मालीतील टिंबक्टू शहराची हस्तलिखिते आहेत; अरब इतिहासकार इब्न खल्दूनने 14व्या शतकात ‘मारी जाता’ या नावाने सुंजाताची नोंद केली आहे; 1352-53 मध्ये मालीत आलेल्या मोरोक्कोच्या प्रवासी इब्न बतूताने पिसांचा पोशाख आणि लाल चोचीचे लाकडी मुखवटे घालून राजासमोर उभे राहणारे कवी वर्णिले आहेत. हे संदर्भ आधी दिले, तर ऐकलेले मुलांच्या मनात कुठेतरी बसेल.

प्रतिसाद (प्राथमिक शिक्षिका):
भाषेची अडचण खरी आहे, पण तिच्यापायी श्रोत्याची भूमिका सोडून देण्याचे कारण नाही. घानातील अशांती लोकांच्या आनान्सी नावाच्या आठ पायांच्या कोळ्याच्या कथा रंगात आल्या की श्रोता मध्येच सांगणाऱ्याला थांबवून गाणे सुरू करतो. त्या गाण्याला ‘म्मोगुओ’ म्हणतात. पोवाड्यात ‘जी जी’ म्हणणारे झीलकरी ठाऊक असलेल्या आपल्या मुलांना यात काहीच परके वाटणार नाही. कथा मराठीत सांगावी आणि गाणे मुलांनीच रचावे.

धागाकर्ती:
मराठीत सांगणे मला मान्य आहे. माझा आक्षेप एकच छापील पाठ प्रमाण मानण्याला आहे. गिनीचे इतिहासकार जिब्रिल तमसीर नियान यांनी मामादू कुयाते या जेलीकडून ऐकलेले आख्यान 1960 साली फ्रेंच गद्यात आणले आणि पुष्कळ वाचकांसाठी तेच ‘मूळ’ झाले. गांबियातील बांबा सुसो आणि बान्ना कानुते या दोन जेलींची आख्याने शेजारी ठेवली, तर पहिला संयतपणे सांगतो आणि दुसरा जादू व लढाईवर रेंगाळतो, हे मुलांना आपसूक दिसेल.

प्रतिसाद (इतिहासशिक्षक):
पण हा फरक तुम्हाला आणि मला दाखवता येतो, कारण ती दोन्ही आख्याने कुणीतरी ध्वनिमुद्रित करून, ओळीओळीने उतरवून, अनुवादासह छापली. मुलांनाही तो पाठ हाती घेऊनच ऐकायला बसवावे लागेल.