पोरं पिऊन गाडी चालवायला शिकतात कुठे?

कोलशेतकर: गटारीच्या रात्री आमच्या सोसायटीतली तीन पोरं, बारावीची असतील, येऊरहून एकाच ॲक्टिव्हावर ट्रिपल सीट आली, तोंडाला वास आणि हेल्मेट कोपरात अडकवलेलं. वॉचमनने गेट उघडलं आणि गप्प बसला, मेंबरच्या पोराला तो काय बोलणार. आता ग्रुपवर सगळे संगतीला नि रील्सना शिव्या देतायत. मला विचाराल तर सुरुवात घरातच होते. लग्नावरून येताना पप्पा चार पेग लावून स्टेअरिंगवर बसतात आणि मम्मी फक्त "सावकाश हं" म्हणते, हे पोरगं मागच्या सीटवरून वर्षानुवर्षं बघतंय.

वाशीवाला: काका, नाही पटलं. माझ्या भाच्याकडे सगळे माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. तरी हा पामबीच रोडवरून प्यायलेल्या मित्राच्या मागे बसून आला. का, तर "मी रिक्षाने जातो" म्हटलं की दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सगळे मिळून आरती ओवाळतात. त्या वयात बापापेक्षा कट्ट्याची भीती जास्त असते.

नौपाडा_कट्टा: घर काय नि कट्टा काय, दारू मिळते कशी ते बोला. आपल्याकडे बिअरला २१ आणि हार्ड दारूला २५ वय लागतं, कागदावर. काउंटरवर वय विचारलेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

कोलशेतकर: दारू बाहेर मिळाली, पण गाडीची चावी? ती घरातलीच ना. २०१९ पासून अल्पवयीन पोराने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. फक्त "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध केलं की सुटका, आणि सगळे बाप तेच म्हणतात.

वाशीवाला: २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, चालवणारा १७ चा, प्यायलेला असल्याचा आरोप, आणि पहिला जामीन मिळाला त्यात ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट! हे बघून कुठलं पोरगं घाबरेल?

ऐरोलीची_आई: मी लेकाला सांगून ठेवलंय, तू प्यायला असशील किंवा चालवणारा प्यायला असेल तर रात्री कितीही वाजता फोन कर, न्यायला येईन, त्या रात्री एक शब्द बोलणार नाही.

नौपाडा_कट्टा: ताई, म्हणजे पिण्याची परवानगीच दिलीत की.

ऐरोलीची_आई: माझी परवानगी मागतंय कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी बोलतेच मी, आणि चांगलीच बोलते.