प्रेमकथा पडद्यावरची, जागा गोव्यातली : आपले अनुभव लिहा

गोव्यात घर असलेल्या प्रत्येकाला, बाहेरगावचे पाहुणे आले की एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : त्या चित्रपटातली ती जागा नेमकी कुठे आहे? प्रेमकथांच्या बाबतीत तो जरा अधिक ओढीने विचारला जातो आणि त्याचे उत्तरही अवघड असते, कारण पडद्यावरचे गाव अनेक ठिकाणचे तुकडे जोडून उभे केलेले असते. १९७३ च्या ‘बॉबी’ची नायिका गोवेकर मच्छीमाराची मुलगी, पण त्यातल्या बंद खोलीच्या गाण्याची खोली पाहायची तर काश्मीरमध्ये गुलमर्गला जावे लागते. तरीही माणसे शोधत येतात आणि आपणही जातो. अशा एखाद्या जागी आपण गेला असाल, तर तिथे प्रत्यक्षात काय दिसले, पडद्यावर न आलेले काय सापडले आणि पुढे जाणाऱ्याला काय सांगावेसे वाटते, ते सविस्तर लिहावे.

ताळगाव, निवृत्त शिक्षिका

‘एक दुजे के लिए’ १९८१ साली आला तेव्हा मी महाविद्यालयात होते आणि त्यात दिसणारा पणजीजवळचा दोनापावलचा धक्का ही आमची रविवारी संध्याकाळी वारा खायला जाण्याची जागा होती. तमिळ मुलगा, उत्तरेकडची हिंदी बोलणारी मुलगी, शेजारी शेजारी घरे आणि वर्षभर एकमेकांना न भेटण्याची अट. ही कथा आम्हाला आपल्याच गावात घडल्यासारखी वाटली. के. बालचंदर यांनी ती आधी १९७८ मध्ये तेलुगूत केली होती आणि तिथला समुद्र आंध्रच्या किनाऱ्यावरचा होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. कळल्यावरही माझी त्या धक्क्यावरची माया कमी झाली नाही.

लग्नानंतर यजमानांना घेऊन मी मुद्दाम तिथे गेले. धक्क्याच्या टोकाजवळ खडकावर एक पांढरे युगुलशिल्प आहे. ते दोना पावला आणि तिच्या कोळी प्रियकराचे आहे असे तिथले फोटोवाले सांगतात आणि त्याच दमात चित्रपटातल्या प्रेमिकांची गोष्टही त्या शिल्पाला जोडून टाकतात. वास्तविक ते शिल्प यर्सा फॉन लाइस्टनर या शिल्पकर्तीने १९६९ मध्ये घडवले, म्हणजे चित्रपटाच्या बऱ्याच आधी. दोना पावला ही सतराव्या शतकातली उच्चकुलीन विवाहित स्त्री होती आणि काबोच्या राज्यपाल निवासातल्या चॅपेलमध्ये तिच्या नावाची शिळा आहे. ऐकीव कथा आणि चित्रपटकथा या दोहोंतले प्रेमी एकमेकांसाठी जीव देतात, त्यामुळे लोकांच्या मनात त्या एकत्र झाल्या असाव्यात. फोटोवाल्यांना दोष देण्यापेक्षा मला त्यांच्या सांगण्यातला जिव्हाळा महत्त्वाचा वाटतो. मात्र जाणाऱ्याने दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवून ऐकाव्यात. उन्हे कलल्यावर जावे, म्हणजे झुवारीचे मुख आणि पलीकडचे मुरगाव बंदर स्वच्छ दिसते.

कुडचडे

आमच्या घरात ‘चेन्नई एक्सप्रेस’ (२०१३) मुलीच्या आवडीचा, त्यामुळे गाडी धबधब्यासमोर थांबते तो प्रसंग आम्हा सर्वांना पाठ आहे. मुंबईहून चेन्नईला जाणारी खरी गाडी पुणे, सोलापूर मार्गे जाते. दूधसागर तिच्या वाटेवर कुठेच येत नाही. तो लागतो कुळे आणि कॅसलरॉक यांच्यामधल्या ब्रागांझा घाटात. एवढ्या मोठ्या वळशाने प्रेमकथा आपल्या दारात आणली गेली याचे मुलीला विलक्षण अप्रूप वाटले.

ऐन पावसाळ्यात आम्ही गाडीने घाट चढलो. सुमारे ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यांत कोसळणारे पाणी पुलाखालून पुढे जाते आणि खिडकीतून तुषार थेट अंगावर येतात. चित्रपटात तेथे गाडी हवा तितका वेळ उभी राहते. आपल्याला मात्र काही क्षणच मिळतात. मी मुलीला भ्रमणध्वनी बाजूला ठेवून नुसते पाहायला सांगितले आणि तिने ते ऐकले. पायथ्याशी जायचे असेल तर कुळ्याहून अभयारण्यातून जीप जातात, पण त्या पावसाळ्यात बंद असतात आणि साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतात. रुळांवरून चालत जाण्यास रेल्वेची बंदी आहे. दरवर्षी कोणीतरी ती मोडतेच, म्हणून हे आवर्जून लिहीत आहे.

पर्रा

मी कुठे गेले नाही, जागाच माझ्या घरापुढे आहे. ‘डिअर जिंदगी’ २०१६ मध्ये आला आणि दोन्ही बाजूंना माड असलेला आमचा रस्ता देशभर ओळखला जाऊ लागला. त्याआधी पर्रा म्हटले की बार्देश तालुक्यातल्या माणसाला कलिंगडे आठवत. आता रस्त्याच्या मधोमध जोडपी उभी राहतात, मागे गाड्या खोळंबतात आणि शाळेच्या वेळेला मुलांना सायकल हातात धरून चालावे लागते. २०१८ मध्ये पंचायतीने तिथल्या छायाचित्रणासाठी ५०० रुपयांपर्यंत शुल्क लावले, तेव्हा बाहेरच्यांनी आम्हाला नावे ठेवली. शुल्काचा मार्ग बरोबर होता असे मी म्हणणार नाही, पण त्यामागची अडचण खरी होती.

एक आठवण मात्र सांगावीशी वाटते. नागपूरकडचे एक वृद्ध जोडपे भर दुपारी आले, आमच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत बसून पाणी प्यायले, आणि आजोबांनी विचारले की या माडांची काळजी कोण घेते. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, कधी चढतो, नारळ कोण विकते, एक माड किती वर्षे फळतो, असे ते तासभर विचारत राहिले. आजींना चित्रपट फार आवडला होता. आजोबांनी तो पाहिलाही नव्हता, केवळ त्यांच्या हौसेखातर ते आले होते. अशा पाहुण्यांना आमचे घर नेहमीच उघडे आहे.

म्हापसा

पर्ऱ्याच्या ताईंना दुजोरा. सकाळी सातच्या आधी जावे आणि गाडी रस्त्यावर लावू नये.

मोरजी

‘दिल चाहता है’ (२००१) मैत्रीचा चित्रपट मानला जातो, पण मला तो तीन प्रेमकथांसाठी आवडतो, म्हणून शापोऱ्याच्या किल्ल्याबद्दल लिहितो. तिघे मित्र समुद्राकडे पाहत बसतात ती जागा शोधायला लोक वागातोरच्या बाजूने चढतात आणि तटावर बसून तसाच फोटो काढतात. मीही होणाऱ्या पत्नीला घेऊन तिथे बसलो होतो. आमच्या गावचा किनारा नदीच्या पैलतीरावर दिसत होता आणि ज्या वाळूत मी लहानाचा मोठा झालो ती तिला वरून दाखवता आली. चित्रपटात त्या दिशेला फक्त पाणी आणि आभाळ आहे.

किल्ल्याच्या आत आज तटबंदी आणि बुरूज यांखेरीज फारसे काही उरलेले नाही. शापोरा हे नाव आदिलशाही काळातल्या शहापुरावरून आले, १६८४ मध्ये संभाजी महाराजांचे सैन्य इथे पोहोचले होते आणि आजचे बांधकाम पोर्तुगीजांनी १७१७ मध्ये केलेले आहे. पत्नीला हा भाग चित्रपटापेक्षाही अधिक आवडला. चढण लहान असली तरी माती निसरडी आहे, सावली जवळपास नाही, आणि तटाचे चिरे काही ठिकाणी सुटलेले असल्याने कडेला पाय सोडून बसणे धोक्याचे आहे. फोटो आतल्या बाजूने उभे राहूनही उत्तम येतो.