वापरलेली गाडी घेताना मेकॅनिकची तपासणी हवीच, की मालकाची ओळख पुरेशी आहे?

जुळे सोलापूरकर (धागाकर्ता)

आपल्याकडे जुन्या गाड्यांचे बहुतेक व्यवहार ओळखीवर होतात. 'गाडी घरातलीच आहे, एकहाती वापरलेली आहे, अक्कलकोट आणि पंढरपूरपलीकडे गेलेलीच नाही' एवढे ऐकले की आपण बयाणा देऊन मोकळे होतो. माझे स्पष्ट मत असे आहे की विकणारा नात्यातला असला तरी, ज्याला आपण स्वतः पैसे मोजले आहेत अशा मेकॅनिकने गाडी रॅम्पवर घेऊन पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

हे मत मला महागात पडलेल्या एका व्यवहारातून बनले आहे. गेल्या मे महिन्यात मी २०१४ सालची डिझेल सेडान ३ लाख ४० हजारांना घेतली. मालक आमच्या दूरच्या नात्यातले. दुपारी एक वाजता गाडी दाखवली गेली, तेव्हा बोनेटला हात लावताच चटका बसला आणि तो उन्हाचा आहे असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात आम्ही पोहोचण्यापूर्वी गाडी चालवून गरम करून ठेवलेली होती, हे पुढे त्यांच्याच घरातून कळले. नोव्हेंबरातल्या एका थंड सकाळी ती पाच-सहा वेळा स्टार्टर मारल्यावर कशीबशी सुरू झाली आणि अंगणभर निळसर धूर पसरला. इंजेक्टर आणि पिस्टन रिंगा मिळून ५८ हजार रुपये गेले.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबली गेल्यावर जी उष्णता निर्माण होते तिच्यावरच इंधन पेटते. रिंगा झिजल्या की दाब कमी पडतो, पण इंजिन आधीच तापलेले असेल तर ही उणीव झाकली जाते, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना तर ती हमखास झाकली जाते. म्हणून आता मी दोनदा जायला सांगतो. पहिल्यांदा पहाटे, गाडी सुरू होण्यापूर्वी, आणि मालकाला आदल्या रात्रीच 'आम्ही येईपर्यंत चावी लावू नका' असे सांगून. दुसऱ्यांदा भर दुपारी, एसी पूर्ण चालू ठेवून, सात रस्त्यासारख्या गर्दीच्या ठिकाणी सावकाश फिरवत, तापमानाचा काटा कुठे जातो ते पाहण्यासाठी. आपणांस हे पटते का? पटत नसेल तर कारण लिहावे.

विजापूर रोड रहिवासी

धागाकर्त्यांचे नुकसान झाले याचे वाईट वाटते, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. दहा-बारा वर्षे चाललेल्या गाडीत मेकॅनिकला दोष सापडणारच. तो न सापडला तर त्याला शोधता येत नाही असे आपण म्हणू. मी आजवर चार वापरलेल्या गाड्या घेतल्या आणि प्रत्येक वेळी गाडीपेक्षा माणूस आणि कागद अधिक बारकाईने पाहिले. इंजिन पैशाने दुरुस्त होते, कागदांतला घोळ मात्र वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही.

आरसीवरचा चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नये. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ते कपाटात ठेवून देणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल, गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. विम्याचेही तसेच आहे: तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग नावावर करून घेतला नसेल तर दाव्याच्या वेळी हात चोळत बसावे लागते.

शिवाय आपण सीमेवर राहतो. केए २८ आणि केए ३२ च्या गाड्या, म्हणजे विजापूर आणि कलबुर्गीच्या, सोलापुरात ३०-४० हजारांनी स्वस्त सांगितल्या जातात आणि लोक त्या आनंदाने घेतात. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी इथे ठेवायची तर महाराष्ट्राची नोंदणी करावी लागते आणि कर इथे नव्याने भरावा लागतो, हे घेताना कोणी सांगत नाही. ही चूक कोणत्याही रॅम्पवर दिसणार नाही.

गॅरेजवाला, अक्कलकोट रोड

मी बावीस वर्षे हेच काम करतो, त्यामुळे माझा स्वार्थ आहे असे कोणी म्हटले तरी चालेल. वरच्या प्रतिसादातले कागदांचे मुद्दे सर्व बरोबर आहेत, पण 'इंजिन पैशाने दुरुस्त होते' हे वाक्य सगळ्या दोषांना लागू पडत नाही. समोरून जोरात ठोकलेल्या गाडीचा एप्रन (बोनेटखालचा बाजूचा पत्रा) आणि पिलर (छत पेलणारा खांब) कापून जोडलेला असेल तर ती गाडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, आणि पुढच्या अपघातात तीच जोडणी आधी सुटते. दरवाजाचे रबर थोडे ओढून बाजूला केले की कंपनीच्या वेल्डिंगचे समान अंतरावरचे गोल ठिपके दिसतात. ते नसतील किंवा वेडेवाकडे असतील तर थांबावे. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र कंपनीच्या रंगावर साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवते, आणि लांबी (पोचा बुजवण्याची पुट्टी) भरलेल्या जागेवर आकडा अनेक पटींनी वर जातो.

पुरात बुडालेल्या गाड्यांबद्दल विशेष लिहितो, कारण २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरानंतर आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला आलेल्या पुरानंतर आपल्या भागात हा प्रश्न केवळ ऐकीव राहिलेला नाही. सीट नवी घालतात, कार्पेट धुतात, सुगंध मारतात. परंतु सीटबेल्टचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढण्याचे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकासमोर मी चालकाच्या बाजूचा पट्टा पूर्ण ओढला, तर वरचा हातभर पट्टा स्वच्छ काळा होता आणि आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची सरळ पिवळट रेघ होती. स्टेपनीखालच्या खड्ड्यात बोट फिरवले तर वाळू लागली. गाडीचे कागद मात्र निर्दोष होते.

मीटर मागे फिरवल्याचाही संशय येतो. ४२ हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे ब्रेकचे पेडल घासून गुळगुळीत झालेले असेल, तर पेडलवर विश्वास ठेवावा. गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावताना केवळ 'एरर नाही' एवढे पाहून समाधान मानू नये. आदल्या दिवशी एरर पुसून टाकलेले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण असल्याचे तोच स्कॅनर दाखवतो.

आसरा परिसर

मी विकणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण ही बाजू कोणी मांडत नाही. गेल्या वर्षी माझी गाडी विकताना तीन गिऱ्हाइके आपापला मेकॅनिक घेऊन आली. त्यांतल्या एकाने मला बाजूला घेऊन पाच हजार मागितले आणि मी नकार देताच दोन मिनिटांत 'हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधले सील) गेले आहे' असे गिऱ्हाइकाला सांगितले. तीच गाडी आज माझ्या मेहुण्याकडे आहे आणि तिने दोनदा पुण्याची खेप केली आहे, कूलंट कणभरही कमी झालेले नाही. जो मनुष्य सौद्यात हिस्सा मागतो त्याच्या तपासणीवर धागाकर्ते एवढा भरवसा का ठेवतात?

जुळे सोलापूरकर (धागाकर्ता)

आसरा परिसरातील सद्गृहस्थांचा आक्षेप गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. म्हणूनच मी 'आपण स्वतः पैसे मोजलेला' हे शब्द वापरले होते. जो मेकॅनिक सौदा जुळल्यावर कमिशन घेतो त्याला तो जुळावा असे वाटते, आणि ज्याला विकणाऱ्याने नाराज केले त्याला तो मोडावा असे वाटते; म्हणून मोबदला आधी ठरवावा, तो व्यवहार झाला काय नि मोडला काय सारखाच द्यावा, आणि दोष कागदावर लिहून घ्यावेत. 'हेड गॅस्केट गेले' असे म्हणणाऱ्याने ते कशावरून म्हटले हेही दाखवायला हवे: ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर, कूलंटमध्ये येणारे बुडबुडे, किंवा कॉम्प्रेशनचे आकडे. लेखी मागितले असते तर तो बहुधा दोन मिनिटांत निकाल देऊ शकला नसता.

विजापूर रोडकरांचे कागदांचे म्हणणे मी मान्य करतो. माझ्या लेखात ते राहूनच गेले होते. फक्त माणूस पाहून गाडी घ्यावी हे मात्र मान्य नाही, कारण मला गाडी देणारा माणूस चांगलाच होता. आजही आमचे येणे-जाणे आहे. इंजिनात काय झिजले आहे हे त्याला स्वतःलाही पुरते ठाऊक नसावे, एवढेच.

विजापूर रोड रहिवासी

पट्ट्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझी सध्याची गाडी सांगली पासिंगची आहे, तेव्हा तिचा पट्टा आज संध्याकाळीच ओढून पाहणार आहे. तरीही माझा क्रम बदलणार नाही. आधी कागद, मग मालकाशी अर्धा तास बोलणे, आणि हे दोन्ही पटले तरच मेकॅनिकचे पैसे. ज्या गाडीचे फॉर्मच अपुरे आहेत ती पहाटे उठून पाहण्यात मला अर्थ दिसत नाही.

गॅरेजवाला, अक्कलकोट रोड

दोन्ही पट्टे ओढा, आणि मागच्या सीटचेही. पुढचे पट्टे बदलणारे लोक मागचे बहुधा तसेच ठेवतात.