शिवराई नाण्यांची स्थिती आणि किंमत कशी ठरवावी?

नमस्कार. आजोळच्या घराची आवराआवर करताना तांब्याच्या काही शिवराया मिळाल्या असून त्यांपैकी तिघींबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. पहिलीवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र’, ‘पति’ असे दोन ओळींत आहे, पण भोवतीचे ठिपक्यांचे वर्तुळ निम्मेच उमटले आहे. सोनाराच्या काट्यावर वजन ११.४ ग्रॅम भरले. दुसरीवर ओळींच्या मधून दोन समांतर रेघा गेल्या आहेत, म्हणजे ती दुदांडी असावी. तिसरीवर फिकट हिरवी पूड धरते आणि पुसली तरी पुन्हा येते. एका विक्रेत्याने पहिली ‘थेट महाराजांच्या काळातील’ असल्याचे सांगितले. हे कशावरून ठरवावे, आणि घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे चिंच लावून नाणी स्वच्छ करावीत का?

प्रतिसाद:

चिंच, लिंबू, रांगोळी यांपैकी काहीही लावू नका. तांब्यावरचा घट्ट, गडद थर धातूचे रक्षण करतो आणि घासून चकचकीत केलेल्या नाण्याला संग्राहक निम्मीही किंमत देत नाहीत. तिसरीवरची पूड मात्र क्लोराइडमुळे धरलेली कीड, म्हणजे धातू पोखरणारा गंज आहे. ते नाणे इतरांपासून वेगळे ठेवा, बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये पाणी बदलत भिजवा आणि पूर्ण कोरडे करून सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवा.

अर्धे वर्तुळ म्हणजे झीज नव्हे. ठसा चकतीहून मोठा असे आणि घाव हाताने घातला जाई, त्यामुळे संपूर्ण मजकूर एकाच नाण्यावर क्वचितच सापडतो. झीज पाहायची ती अक्षरांच्या उंचीत: कडा उठून दिसतात की सपाट झाल्या आहेत, हे तिरप्या उजेडात कळते. काळाचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेला हाच मजकूर पेशवाईतही, आणि पुढे इंग्रजी अंमलाच्या आरंभीही, पाडला जात राहिला. केवळ ‘श्री राजा शिव’ वाचून नाणे शिवकालीन ठरवणे म्हणजे शुद्ध विक्रेतेगिरी होय. अक्षरांचे वळण, वजन आणि घडण एकत्र पाहावी लागते. दुदांडी उत्तरकालीन असून मुबलक मिळते, तेव्हा तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

किमतीसाठी जाहिरातीतील मागणी न पाहता लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांचे भाव पाहावेत. कडेला शिवण (साच्याच्या जोडाची रेघ) किंवा पृष्ठभागावर बारीक छिद्रे असल्यास नाणे ओतीव नक्कल असण्याचा संशय घ्यावा. परदेशी गिऱ्हाईक मिळाले तरी पाठवू नका. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि व्यक्तीला ती निर्यात करता येत नाहीत. पहिलीची दोन्ही बाजूंची छायाचित्रे तिरप्या उजेडात काढून येथे द्यावीत, म्हणजे अक्षरांविषयी नेमके सांगता येईल.