Re: बाल्टिमोरला एक दिवस, सासू-सासरे आणि हॅलोवीन

नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरच्या शेवटी सासू-सासरे पहिल्यांदाच येतायत, मुलं सहा आणि दहा वर्षांची. डीसी होईलच, पण बाल्टिमोरला मत्स्यालय सोडून काय दाखवावं? बाबा म्युझियममध्ये दहा मिनिटांत बसायला बाकडं शोधतात.

—

अगं, अमेरिकन व्हिजनरी आर्ट म्युझियमला ने, अगदी डोळे झाकून! फेडरल हिलच्या पायथ्याशी, हार्बरपासून चालत जाता येतं, बाहेरच्या भिंतींवर आरशाचे आणि काचेचे तुकडे जडवलेत त्यामुळे लांबूनच चमकते. १९९५ ला सुरू झालं, आणि इथली कामं आर्ट स्कूलची पायरी न चढलेल्या, स्वतःच शिकलेल्या लोकांची.

माझे सासरे दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले, त्यांनाही चित्रं वगैरे नको असायची. पण बाहेर ५५ फुटी भिरभिरं आहे, व्होलिस सिम्प्सन नावाच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या गृहस्थाने केलेलं, आयुष्यभर मशीन दुरुस्त केली आणि साठी आल्यावर भंगारातून ही भिरभिरी करायला लागला. सासरे त्याच्याखाली मान वर करून अर्धा तास उभे, बेअरिंग कुठे बसवलं असेल ते नातवाला समजावत होते. आत टूथपिकची १६ फुटी लुसिटानिया बोट आहे, तिथूनही हलेनात. आणि फिफी ही भली मोठी गुलाबी पूडल कुत्र्याच्या आकाराची गाडी मुलांना दाखवच, माणसं पेडल मारत तिला रेसमध्ये पळवतात! काही दालनांतले विषय जड असतात, धाकट्याला नेण्याआधी तू डोकावून ये. बंद कुठल्या वारी असतं ते जाण्याआधी बघून घे.

हॅलोवीनचं म्हणशील तर पॅटरसन पार्कमधली लँटर्न परेड बघच, दरवर्षीची तारीख वेगळी असते तेवढी बघून घे. लोक घरी केलेले कंदील घेऊन अंधारात चालतात. म्युझियम बघून आल्यावर सासऱ्यांनी बांबूच्या कामट्या तासल्या, सासूबाईंनी मैद्याची खळ केली, आणि आमचा षटकोनी आकाशकंदील, आत बॅटरीचा दिवा, परेडमध्ये! एका अनोळखी बाईने थांबवून विचारलं हे कसं केलं, तर सासऱ्यांनी मराठीतच सगळं हातवारे करून सांगितलं आणि तिला कळलंही. २०२४ ला तर नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले होते, सकाळी उटणं आणि संध्याकाळी ट्रिक ऑर ट्रीट.

—

काकू, खूप थँक्यू! बाबांना आत्ताच फोनवर भिरभिऱ्याचं सांगितलं, ते विचारतायत वारा नसला तर फिरतं का? कामट्या कुठे मिळाल्या तेही सांगा ना.

—

हार्डवेअरच्या दुकानात, बागेच्या सामानात, झाडांना आधार देतात ते बांबू. जाडच घे, बारीक तासताना चिरतात.